भिंतीवरची उलटी जाहिरात

माझ्या आईला उलटं वाचता येतं. कागद डोक्यावर उभा केला तरी ती घडाघडा वाचते. चामोर्शीच्या बसस्टँडवर चहाच्या टपरीत समोरचा माणूस टेबलावर पेपर पसरून बसला, की आई इकडच्या बाकावरून त्याचाच पेपर वाचून मोकळी होते. त्याने पान उलटायची घाई केली तर वर त्यालाच दटावते, "थांब ना भाऊ, एवढं होऊ दे!" तो बिचारा आधी पेपराकडे बघतो, मग आईकडे, मग चहाचे पैसे देऊन उठतो.

मला शाळेत घातलं तो दिवस मला चांगला आठवतो. हेडमास्तरांनी मोठं रजिस्टर उघडलं, आईला विचारून विचारून माझी माहिती लिहिली. आई टेबलाच्या या बाजूला पदर सावरून उभी. मास्तर पुढचा रकाना भरणार तेवढ्यात म्हणाली, "गुरुजी, पोरगी पावसाळ्यातली होय. तुमी उन्हाळा लिवून राह्यले." मास्तर चपापले. त्यांनी महिना खोडून नीट केला आणि मोठ्या आदराने पेन आईपुढे धरला, "घ्या बाई, सही करा." आईने पेन घेतलाच नाही. शाईची डबी ओढली, अंगठा बुडवला आणि रजिस्टरावर दाबला.

"अहो बाई, वाचता येतं अन् सही येत नाही?"

"नाई येत," आई म्हणाली, आणि माझा हात धरून बाहेर आली.

मला तेव्हा काही कळलं नाही, पण पुढे कळायला लागलं तसा राग यायला लागला. रेशनच्या दुकानात अंगठा, बँकेत अंगठा, माझ्या प्रगतिपुस्तकावरसुद्धा अंगठा. वर्गातल्या पोरी म्हणायच्या, तुझी आई अडाणी. मी भांडायची. घरी येऊन आईशी भांडायची. "तुले सगळं वाचता येते, मंग सही काऊन नाई करत?" आई चुलीतलं लाकूड पुढे सारायची आणि म्हणायची, "वाचणं अलग, लिवणं अलग." एवढ्यावर विषय बंद. जास्त ताणलं तर उलथनं दाखवायची.

वाचायला ती शिकली भिंतीवर. तिचं माहेर मार्कंड्याच्या पुढे, वैनगंगेच्या काठाला लागून. घर कुडाचं, म्हणजे बांबूच्या ताट्या आणि त्यांना आतून-बाहेरून लिंपलेली माती. ती माती सुकली की पोपडे सुटतात, निजलेल्या माणसाच्या तोंडावर पडतात, भेगांतून थंडीत वारा शिरतो. म्हणून आमच्याकडे ज्यांना जमेल ते आतून कागद चिकटवायचे. माझ्या आजोबांनीही चिकटवले. मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, गेली आणि गावच्या मालगुजाराचं बिऱ्हाड नागपूरला हललं, तेव्हा सामान गाडीत भरायला आजोबा होते. माडीवरच्या जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे कोणालाच नको होते, ते आजोबांनी घरी आणले. भाताच्या पेजेची खळ केली, वाळवी लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घातलं आणि एका दिवसात अख्खी भिंत मढवून टाकली. आजोबांना अक्षर ओळखू येत नव्हतं. काही कागद सरळ लागले, काही आडवे आणि आईच्या चटईजवळचा नेमका उलटा.

आई दुसरी पास झाली आणि धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी बसली. शाळा सुटली, पण भिंत कुठे जाते? ती चटईवर पडल्या पडल्या वाचायची. आधी म्हणे पायांकडे डोकं करून, मान वाकडी करून वाचायची. मग सवयच झाली. त्या उलट्या कागदावर सगळ्या जाहिराती. केस काळे करायचं तेल, न फाटणाऱ्या छत्र्या, गाडीच्या चाकांचे लोखंडी धावे, सागाच्या फाट्यांचा लिलाव, घड्याळ घेतल्यास रुमाल मोफत. आणि औषधं! अंगात ताकद येण्याची, बुद्धी वाढण्याची, विंचू उतरण्याची, आणि एकच बाटली या सगळ्यावर चालण्याची. पी हळद अन् हो गोरी.

तिच्या बोलण्यात अजूनही ते सगळं आहे. बाजारात वांगी घेताना म्हणते, "खात्रीचा माल आहे ना? नकलेपासून सावध राहा म्हणते." मी लग्न होऊन निघाले तेव्हा सगळ्या बाया डोळे पुसत होत्या आणि ही माझ्या सासऱ्यांना म्हणाली, "पोरगी द्याची तं देऊन राह्यलो भाऊ, पण गुण न आल्यास माल परत घेऊ." सासरे आमचे गंभीर गृहस्थ, गाडीत बसेपर्यंत त्यांना ते हसण्यावारी न्यायचं की नाही हे ठरवता आलं नाही.

तिची माय, म्हणजे माझी आजी, आई लहान असतानाच गेली. आजीबद्दल आई फारसं बोलायची नाही. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची की माय लय साफ होती. घर लहान, पण दर बाजाराच्या आदल्या दिवशी सारवण झालंच पाहिजे. जमीन सारवून झाली की भिंतीच्या बुडाशी वीत-दीड वीत शेणाचा पट्टा ओढायची, सुतात धरल्यासारखा सरळ, कागद असला तर कागदावरून. "एवढा सरळ पट्टा तुह्याच्यानं पट्टी घेऊन बी नाई निंघणार," असं मला ऐकवायची. मला सारवायला कुठे येतं? माझ्या घरात फरशी.

बारावी झाल्यावर मला शिक्षिका व्हायचं होतं. आई हटून बसली. "औषधाचं शीक. औषधाचं दुकान टाक. इथीच टाक." मी म्हटलं, अगं, डी.एड. केलं तर लवकर नोकरी लागेल. छे! ऐकेल तर आई कसली. "औषध हाताजोगं पाह्यजे. टपालानं नाई." हे टपालाचं मधेच कुठून आलं मला कळेना. मला वाटलं, भिंतीवर वाचलेलंच काहीतरी बोलते आहे. मी रडले, आदळआपट केली आणि शेवटी औषधाचंच शिकले. आज चामोर्शीत माझं मेडिकल आहे. आई दुपारी येऊन काउंटरच्या आतल्या स्टुलावर बसते, गिऱ्हाईक माझ्यासमोर चिठ्ठी ठेवतं तेव्हा तीही समोरून बघते, पण डॉक्टरांचं इंग्रजी तिला वाचता येत नाही. याचा तिला मनापासून राग आहे. डॉक्टरांचं अक्षर मलाही वाचता येत नाही हे मी तिला सांगत नाही.

गिऱ्हाईकं आता मोबाईल पुढे करतात. "बाई, हे पाहा, शुगर मुळातून जाते म्हणते. हे आहे काय तुमच्याकडे?" मी भडकते. म्हणते, भाऊ, मुळातून जायला ते काय तण आहे? चालू गोळी बंद केलीस तर बघ! आई मात्र अशा माणसाला कधी हसत नाही. त्याला जवळ बोलावते आणि हळूच विचारते, "तारीख कवाची आहे त्याच्यावर?" नाही, खोटं कशाला बोलू, हे ती अलीकडे विचारायला लागली आहे. का, तेच सांगायचं आहे.

मामाला घरकुल मंजूर झालं आणि जुनं कुडाचं घर पाडायचं ठरलं, तेव्हा आम्ही दोघी गेलो होतो. कागद कधीच गेले होते. दोन-चार ठिकाणी तपकिरी खपल्या तेवढ्या राहिल्या होत्या, मोरचुदाचा निळसर डाग होता. आई आपल्या चटईच्या जागेसमोर उभी राहिली आणि काही नसलेल्या भिंतीवर बोट ठेवून म्हणायला लागली, "ज्वरमर्दन अर्क. हुडहुडीचा ताप, तिजारी, चौथिया व वाढलेली पानथरी यांवर खात्रीचा. गुण न आल्यास पैसे परत. रोग्याचे नाव, वय व लक्षणे सुवाच्य अक्षरात लिहून कळवावी. औषध व्ही.पी.ने घरपोच. टपालखर्च निराळा." पुढे चांद्याचा, म्हणजे आताच्या चंद्रपूरचा पत्ता, शहराच्या दरवाज्याजवळचं दुकान. एका दमात म्हटलं. मामा हसला. म्हणाला, "बाई अजून पाठ आहे तुले!" आई हसली नाही.

परत येताना बसमध्ये खिडकीजवळ बसून तिने सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

आजीला ताप येत होता. एक दिवस आड हुडहुडी भरायची, गोधड्यांवर गोधड्या घातल्या तरी दात वाजायचे. पोटात डाव्या बाजूला पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढून हाताला लागत होती. धान निसवला होता, लोंब्या बाहेर पडल्या होत्या, नदीचं पाणी उतरायला लागलं होतं. आजोबा म्हणत होते, बैलगाडी जुंपतो, चामोर्शीच्या सरकारी दवाखान्यात नेतो. आणि आईने त्यांना भिंत वाचून दाखवली. घरात वाचणारी ती एकटी. हुडहुडी, पानथरी, सगळं जसंच्या तसं लिहिलेलं. बापाला पोरीचा केवढा अभिमान वाटला असेल! दवाखान्यात म्हणे सगळ्यांना एकच कडू पाणी देतात, आणि हे तर नाव-वय विचारून खास पाठवणार, आणि घरपोच. आजोबांनी कार्ड आणलं. आईने लिहिलं. मायचं नाव लिहिलं, अंदाजाने वय, लक्षणं भिंतीवरूनच उतरवून काढली. आयुष्यातलं तिचं पहिलं पत्र.

"मंग थांबलो आमी," आई म्हणाली. "बाप दर दोन दिवसांनी म्हणे, गाडी जुंपू काय? मी म्हणो, थांबा ना, औषध येऊन राह्यलं."

पोस्टमन बाजाराच्या दिवशी झाडाखाली बसून टपाल वाटायचा. आई त्याच्यापुढे जाऊन उभी राहायची. तो नाही म्हणायचा. ती म्हणायची, पिशवी झटका. तो पिशवी झटकायचा. धान कापणीला आला तेव्हा आजी गेली.

औषध का आलं नाही, याचं उत्तर आईने स्वतःच शोधलं. सुवाच्य म्हणजे काय हे तिला तेव्हा माहीत नव्हतं. तिला वाटलं होतं, काहीतरी चांगलं असेल, देवाधर्माचं. पुढे लग्न झाल्यावर कोणाच्या तरी तोंडून त्याचा अर्थ कळला, की वाचता येईल असं, नीट. तेव्हा तिच्या ध्यानात आलं म्हणे. दुसरी शिकलेल्या पोरीचं अक्षर ते! दुकानदाराला लागलंच नसणार. "त्याले वाचताच नाई आलं वं. वाचता आलं असतं तं धाडलं असतं बिचाऱ्यानं." त्या दिवसापासून तिने हातात पेन धरला नाही.

माझा दगडाखाली हात. मी औषधाचं शिकलेली बाई, मला ठाऊक की त्या दवाखान्यातल्या कडू पाण्यात कोयनेल, म्हणजे हिवतापावरचं क्विनीन असणार, आणि आजीला लागत होतं तेच. हे मी तिला सांगावं? उतरल्यावर आईनेच पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "चाल, दुकान उघडाची वेळ झाली."

पण माझ्या डोक्यात एक प्रश्न शिरला तो जाईना. मालगुजाराच्या माडीवरची रद्दी. इंग्रज जाऊन तेव्हा काही वर्षं झालेली, आणि ती रद्दी तर त्याच्याही आधीची. मग तो कागद कधीचा? भिंतीवर चिकटलेल्या पेपराला तारीख कुठे असते? तो रोज आजचाच असतो.

नागपूरला होलसेलवाल्यांकडे माझी खेप असतेच. तिथल्या एका जुन्या वाचनालयात इंग्रजांच्या काळातल्या वर्तमानपत्रांच्या फायली आहेत. मी मालाची ऑर्डर देऊन तिथे जाऊन बसायला लागले. कागद असे की श्वास जोरात घेतला तर तुकडा पडावा. पहिल्या खेपेला तर मी कामच विसरले. सगळी आईची भाषा! नकलेपासून सावध, खात्रीचे, एकवार अनुभव घ्या. चांद्याच्या बाजारातली कापडाची दुकानं, हिरडा आणि लाख विकत घेणारे व्यापारी, जंगलातल्या बांबूचा लिलाव, नवीन बैठकीची खाचरं, म्हणजे माणसं न्यायच्या बैलगाड्या, आणि मधे मधे मिशीवाल्या पैलवानाचं चित्र. औषधवाल्यांचं एक तंत्र तर मला फार ओळखीचं वाटलं. आधी दहा लक्षणं लिहायची, म्हणजे वाचणाऱ्याला त्यातली चार स्वतःत सापडतात. मग म्हणायचं, वेळ दवडू नका. मोबाईलवरचे ते शुगरवाले याच माळेचे मणी. मी एकटीच बसून हसायची. समोरचे काका चष्म्यावरून बघायचे.

आणि मग गेल्या हिवाळ्यात ते पान सापडलं. पहिलंच पान. वर पेपराचं नाव, त्याखाली तारीख आणि सन, आणि त्याखाली जाहिराती. धावे, छत्र्या, केसांचं तेल, ज्वरमर्दन अर्क. शब्द न् शब्द आईने म्हटला तसा. मग मी तारीख बघितली. त्या तारखेला माझे आजोबाच शेंबडं पोर असतील. आई कार्ड लिहायला बसली तेव्हा त्या जाहिरातीला कितीतरी वर्षं उलटून गेली होती. मी पुढच्या फायली मागवल्या. काही वर्षांनी ती जाहिरात बंद झालेली, आणि एका कोपऱ्यात चार ओळींची नोटीस, की सदर दुकान मालक वारल्याने बंद केले असून येणेकऱ्यांनी अमक्याकडे भेटावे. म्हणजे आईचं कार्ड कोणाच्या हातातच पडलं नव्हतं. ते सुवाच्य होतं की नव्हतं, हे बघणारा माणूसच उरला नव्हता.

मला आधी आनंद झाला. खरंच सांगते, पहिल्या पानाचा झेरॉक्स घेऊन मी बसमध्ये बसले तेव्हा कधी एकदा घरी जाते असं झालं होतं. आई सुटली! इतकी वर्षं जे अक्षर छातीवर घेऊन बसली, ते वाईट नव्हतंच. मग बस पुढे निघाली तसा माझा आनंद उतरत गेला. कारण आई शहाणी आहे. ती दुसरा प्रश्न विचारणार. दुकानच नव्हतं, तर आम्ही थांबलो कशासाठी? आत्तापर्यंत तिच्या डोक्यात एक बाटली आहे, चांद्याच्या दुकानातल्या फळीवर, आजीसाठी भरून ठेवलेली, फक्त अक्षरासाठी अडलेली. मी तारीख दाखवली की ती बाटली फुटली. मग उरतं एवढंच, की पोरीने मेलेला कागद वाचून दाखवला आणि बापाला गाडी जुंपू दिली नाही. वाईट अक्षराचं ओझं उतरवून मी तिच्या डोक्यावर हे दुसरं ठेवू? ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात. जाळायचं काम मात्र माझ्या हातात आलं होतं.

बरेच दिवस मी तो कागद दुकानातच, बिलांच्या खाली ठेवला. शेवटी ठरवलं की अर्धंच सांगायचं. वरचा भाग आत दुमडायचा, म्हणजे तारीख दिसणार नाही. जाहिरात दाखवायची आणि म्हणायचं, बघ, अशा दुकानांना हजारो कार्डं यायची, टपालातच कुठेतरी गहाळ झालं असेल, तुझ्या अक्षराचा काही संबंध नाही. पोस्टाच्या माथी मारायचं. पोस्ट काही आईशी भांडायला येणार नव्हतं.

दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. मी काउंटरवर कागद पसरला, नेमका कुठे दुमडायचा ते बघत होते. आई आतून चहा घेऊन आली. काउंटरच्या पलीकडच्या बाजूला उभी राहिली, माझा कप माझ्यापुढे ठेवला आणि आपला उचलून फुंकर घालायला लागली. मी दुसरंच काहीतरी बोलायला लागले. मामाच्या घरकुलाचा हप्ता आला का, असंच काहीतरी. कागद माझ्याकडे तोंड करून होता, म्हणून मी निर्धास्त. घ्या! जन्मभर जिला उलटं वाचताना बघितलं, तिच्यासमोर मी कागद उलटा ठेवला आणि वाटलं की लपला. माझ्यासारखी शहाणी मीच.

आईने कप खाली ठेवला.

"हे तं माह्या भिंतीवरचं होय," ती म्हणाली.

तिच्या बाजूने तो कागद तसाच होता, जसा आजोबांनी चिकटवला होता. ती काही म्हणाली नाही, नुसते ओठ हलत होते. बोट अर्कावर आलं. तिथे ते थांबलं, मग हळूहळू खाली सरकायला लागलं, तिच्या स्वतःकडे. छत्र्या. धावे. मग पेपराचं नाव आणि त्याच्या अलीकडे ती ओळ. मी हात पुढे केला, पण काय झाकणार होते?

तिने सन वाचला. पुन्हा वाचला.

"हे तं माह्या बापाचं लगनबी नव्हतं झालं तवाचं."

"हो."

"मंग दुकान?"

"नव्हतं, आई. तू कार्ड टाकलंस त्याच्या कितीतरी आधी बंद झालं होतं. मालक मेला होता. तुझं कार्ड कोणी वाचलंच नाही."

एवढं बोलून मला रडू फुटलं. किती वेळा मनात घोकलं होतं की शांतपणे सांगायचं. दुकानासमोर एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं, माझं तोंड बघून म्हणालं, "मंग येतो बाई," आणि गेलं. आईचं बोट त्या तारखेवरच होतं. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. आता विचारेल. आता म्हणेल, मंग आमी थांबलो कायले?

"हे नव्हतं दिसत मले," ती म्हणाली. बोट तारखेवरून आडवं फिरलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सरळ. "इथी पट्टा होता. सारवणाचा."

मला एक क्षण कळलंच नाही. मग कळलं. उलटा चिकटवलेला कागद. पेपराचं नाव आणि तारीख खाली, जमिनीजवळ.

"मायनं सारवलं होतं त्याच्यावर," आई म्हणाली. "तापातून उठली का पयले सारवे. मी म्हणो, राहू दे ना माय. आयके नाई."

चहावर साय धरली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तिने ते पुसलं नाही. मी तिचा हात धरला तर तिने तो सोडवून घेतला, रागाने नाही, तिला तो हवा होता म्हणून. काउंटरवर बिलांसाठी दोरीला बांधलेला पेन असतो. तो तिने उचलला. कसा धरायचा ते दोनदा बदलून बघितलं. झेरॉक्सच्या कडेला, अर्काच्या जाहिरातीशेजारी, कोरी जागा होती. तिथे तिने लिहायला सुरुवात केली. दोरी पुरत नव्हती, मी कागद पुढे सरकवला. एकेक अक्षर काढून ती थांबत होती, डोकं मागे घेऊन बघत होती.

आजीचं नाव मला माहीत नव्हतं. आम्हा भावंडांत कोणालाच नव्हतं. आई माय म्हणायची आणि आम्ही आईची माय. विचारायचं कधी सुचलंच नाही.

आईने पेन खाली ठेवला.

"सुवाच्य आहे काय वं?"

"आहे," मी म्हणाले.

"मंग वाच ना."

तिने कागद माझ्याकडे फिरवला नाही. नाव माझ्या बाजूने उलटं होतं. मी डोळे पुसले आणि एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचलं.